पन्नास टक्क्यांची रेघ

आयसीयूतल्या रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये यीस्ट निघालं, की काही दिवसांनी लॅबमधून जो रिपोर्ट येतो त्यावर औषधांची नावं एकाखाली एक असतात आणि प्रत्येक नावासमोर एक आकडा. फ्लुकोनाझोल १. व्होरिकोनाझोल ०.०३. ॲम्फोटेरिसिन बी ०.५. मायकाफंजिन ०.०१५. काही आकड्यांच्या बाजूला ‘एस’ (यीस्ट औषधाला दाद देतं) किंवा ‘आर’ (दाद देत नाही) असं अक्षर. नातेवाइकांना अक्षराचा अर्थ समजावून सांगितला जातो. आकड्याकडे कोणी बघत नाही. वॉर्डात धावपळ करणाऱ्या तरुण डॉक्टरांची मात्र या आकड्यांवरून एक हमखास गल्लत होते. ज्या औषधासमोरचा आकडा सर्वांत लहान, ते औषध सर्वांत भारी, असं ते धरून चालतात. हा हिशेब साफ चुकीचा आहे. फ्लुकोनाझोल रक्तात भरपूर चढतं, त्यामुळे त्याच्यापुढचा १ हा उत्तम आकडा आहे. मायकाफंजिनपुढे तोच १ आला तर काय म्हणायचं, हे यीस्टची जात कळल्याशिवाय सांगताच येत नाही. एका औषधाचा आकडा दुसऱ्या औषधाच्या आकड्याशी ताडून बघायचाच नसतो.

या आकड्याला एमआयसी म्हणतात. एका मिलिलिटर द्रवात कमीत कमी किती मायक्रोग्रॅम औषध असलं की त्या यीस्टची वाढ अडते, ते प्रमाण. व्याख्या दोन ओळींची आहे, पण ‘वाढ अडते’ म्हणजे नेमकं काय होतं, ती कशात वाढवायची, किती पेशी घ्यायच्या, किती तासांनी बघायची, हे प्रश्न सोडवायला जाणत्या लोकांना पंधरा वर्षं लागली. यीस्टची एमआयसी हा साखर किंवा हिमोग्लोबिन मोजावं तसा शरीरातून उचललेला आकडा नसतो. ठरवून दिलेल्या रीतीनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं, आणि रीत जरा बदलली तरी उत्तर बदलतं. त्या रीतीबद्दल, आणि ती काटेकोर पाळणं का महत्त्वाचं आहे याबद्दल, हे प्रकरण आहे.

पण आधी औषधांकडे बघू. यीस्टच्या मानानं जिवाणूंवर औषध शोधणं सोपं. जिवाणूंच्या पेशीची रचना आपल्या पेशीहून इतकी वेगळी आहे की त्यांना मारणारी आणि आपल्याला न दुखावणारी औषधं पुष्कळ सापडली. यीस्ट मात्र आपल्याच गोतातलं. त्याच्या पेशीला आपल्यासारखंच केंद्रक असतं, प्रथिनं बनवण्याची यंत्रणाही आपल्याशी मिळतीजुळती. वार करायला जागा फार थोड्या. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या आवरणात एर्गोस्टेरॉल; आपल्या पेशींना भिंत नाही, यीस्टला ग्लुकानची भिंत आहे. रक्तातल्या यीस्टवर आज जी औषधं वापरतो ती जवळपास सगळी या दोन फरकांवर उभी आहेत. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं. फ्लुकोनाझोलसारखी ॲझोल औषधं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अॅनिड्युलाफंजिन ही एकायनोकँडिन औषधं भिंतीचं काम बंद पाडतात.

यातलं ॲम्फोटेरिसिन सर्वांत जुनं. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते १९५०च्या दशकात मिळालं. त्याच्या आधी, १९५० साली, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत निस्टाटिन शोधलं होतं, पण ते शिरेतून देण्याजोगं नव्हतं. याच कुळातलं एक औषध आपल्याकडेही जन्मलं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याला नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असं दिलं. पुणे-मुंबई रस्त्यावरून जाताना दिसणाऱ्या त्या कारखान्याशी बहुतेकांच्या मनात पेनिसिलिन जोडलेलं असतं. बुरशीवरच्या औषधांच्या इतिहासातही पिंपरीचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ॲम्फोटेरिसिन हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं ते २०२१च्या उन्हाळ्यात. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला आणि या इंजेक्शनसाठी माणसं गावोगाव फिरली. म्युकर ही तंतूंची बुरशी, यीस्ट नव्हे; तिची गोष्ट वेगळी. पण हे औषध किती मोलाचं आहे आणि मूत्रपिंडांना किती जड जातं, हे त्या वेळी पुष्कळ कुटुंबांनी अगदी जवळून पाहिलं. रक्तात कॅन्डिडा हे यीस्ट शिरलेल्या रुग्णासाठी कित्येक वर्षं मुख्य भरवसा याच एका औषधावर होता. जिथे निवडायला दुसरं काही नाही तिथे सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल या तपासणीचा, आग्रह कोण धरणार? त्यामुळे ती तपासणी दुर्लक्षितच राहिली.

चित्र पालटलं ते फ्लुकोनाझोल आल्यावर. १९९०मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गोळीनं घेता येणारं, सोसणारं औषध. नेमक्या त्याच काळात एड्सची साथ भरात होती. रुग्णांच्या तोंडात कॅन्डिडाचे पांढरे चट्टे यायचे, फ्लुकोनाझोलनं जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा गोळी. वारंवार औषध दिल्यावर काहींमध्ये ते लागूच पडेनासं झालं. आता यीस्ट कोणत्या औषधाला दाद देतं हे सांगणारी तपासणी खरोखर हवी होती.

अमेरिकेत प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, जिला आज सीएलएसआय म्हणतात, १९८२मध्येच यासाठी उपसमिती नेमली होती. तिच्यापुढची अडचण साधी होती आणि भयंकरही. एकच यीस्ट वेगवेगळ्या लॅबना पाठवलं, तर उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडायचा. कोणी एका माध्यमात वाढवायचं, कोणी दुसऱ्या. कोणी एक दिवसानं बघायचं, कोणी दोन. अशा आकड्यांवर रुग्णाचं औषध कसं ठरवणार? समितीनं एकेक गोष्ट धरून ती बांधून टाकली. पहिला प्रस्ताव १९९२मध्ये आला आणि पक्कं मानक ‘एम२७-ए’ या नावानं १९९७मध्ये. असल्या कामाला पुरस्कार मिळत नाहीत, त्यावर चित्रपट निघत नाहीत. पण आज चंडीगढच्या लॅबमधला आकडा आणि शिकागोच्या लॅबमधला आकडा एकमेकांशेजारी ठेवता येतात, ते या कामामुळे. माझ्या लेखी औषधांच्या शोधाइतकंच ते मोठं आहे.

ती रीत प्रत्यक्षात कशी चालते ते बघू. साबुरो माध्यमाच्या प्लेटवर चोवीस तास वाढलेल्या यीस्टच्या पाच वसाहती टेक्निशियन उचलते, प्रत्येक निदान एक मिलिमीटर रुंदीची. पाचच का? एकाच वसाहतीवर भिस्त ठेवली आणि तीच नेमकी वेगळी निघाली तर उत्तर फसतं. वसाहती सलाइनमध्ये मिसळून व्हॉर्टेक्सवर घुसळायच्या आणि द्रवाचा गढूळपणा मॅकफार्लंड ०.५ या प्रमाणावर आणायचा. आता मिलिलिटरला दहा ते पन्नास लाख पेशी आहेत. हे फारच झालं. म्हणून आधी पन्नासपट, मग आणखी वीसपट पातळ करायचं. शेवटी औषधाच्या द्रावणात समसमान मिसळलं की मिलिलिटरला ५०० ते २,५०० पेशी उरतात. हा आकडा हलला की एमआयसी हलते.

पेशी वाढतात त्या माध्यमाचं नाव आरपीएमआय १६४०. मुळात ते माणसाच्या पेशी वाढवण्यासाठी बनवलेलं. त्यात काय काय आणि किती आहे ते नेमकं ठाऊक असतं, म्हणून ते निवडलं. त्याची आम्लता एका रसायनाच्या आधारानं ७.० वर रोखून धरतात. हेही सहज म्हणून केलेलं नाही. यीस्ट वाढताना आम्ल सोडतं, आणि आम्लता बदलली की ॲझोलचा प्रभावही बदलतो. योनीमार्गातल्या कॅन्डिडाच्या बाबतीत याच कारणानं थोडं जपून बोलावं लागतं, कारण तिथली आम्लता ४च्या आसपास असते आणि तपासणी होते ७ला.

मग ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट येते. तिच्या एका ओळीत बारा खळगे. पहिल्यात फ्लुकोनाझोल ६४, दुसऱ्यात ३२, मग १६, ८, ४, २, १ असं निम्मं निम्मं करत दहाव्यात ०.१२. अकराव्यात औषध नाही, फक्त यीस्ट. ते जोमानं वाढलंच पाहिजे. बाराव्यात यीस्टही नाही. तिथे काही उगवलं तर प्लेट खराब. निम्मं निम्मं करण्यातच या आकड्याची मर्यादा आहे. रिपोर्टवर २ आलं, तर पुन्हा केलेल्या तपासणीत १ किंवा ४ येऊ शकतं, आणि ती चूक मानली जात नाही. त्यामुळे २ आणि ४मधल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही; २ आणि ६४मधल्या फरकावर आहे.

३५ अंशांवर चोवीस तास ठेवल्यावर प्लेट बाहेर येते. टेक्निशियन ती हलवते, खाली आरसा धरते आणि खळग्यांचे तळ बघते. औषध नसलेल्या खळग्याच्या गोल तळाशी यीस्टचं पांढरं बटण बसलेलं असतं, भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढं. ॲम्फोटेरिसिनच्या ओळीत काम सरळ असतं. जिथे बटण पूर्ण नाहीसं होतं, तो खळगा उत्तर. ॲम्फोटेरिसिन पेशी मारतं, त्यामुळे कडा स्वच्छ दिसते.

फ्लुकोनाझोलच्या ओळीत मात्र डोळे ताणावे लागतात. हे औषध कॅन्डिडाला मारत नाही, तिची वाढ मंद करतं. बटण एका खळग्यात मोठं, पुढच्यात निम्मं, त्यापुढे त्याहून बारीक, आणि मग कितीही औषध असो, विरळ असा पांढुरका थर राहतोच. पूर्ण स्वच्छ खळगा शोधायला गेलं तर तो ६४पर्यंत सापडणारच नाही आणि चांगलं दाद देणारं यीस्टही ‘आर’ ठरेल. म्हणून ठरलं की ॲझोलसाठी औषध नसलेल्या खळग्याच्या तुलनेत वाढ जिथे पन्नास टक्क्यांनी घटते, तीच एमआयसी. एकायनोकँडिनसाठीही हीच रेघ ठेवली.

ही पन्नास टक्क्यांची रेघ पक्की व्हायला आणखी काही वर्षं गेली, आणि तो भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. सुरुवातीला प्लेट अठ्ठेचाळीस तासांनी वाचायची पद्धत होती. काही यीस्टचा चोवीस तासांचा आकडा १च्या आत असायचा आणि अठ्ठेचाळीस तासांनी तोच ६४च्या वर जायचा. तो विरळ थर दुसऱ्या दिवशी दाट व्हायचा. खरं कुठलं मानायचं? लॅबमध्ये बसून हे ठरवता येत नव्हतं. जॉन रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असली यीस्ट उंदरांना देऊन फ्लुकोनाझोलनं उपचार केले. उंदीर सुधारले. १९९८मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एचआयव्हीबाधित रुग्णांच्या तोंडातल्या कॅन्डिडाबद्दलही असाच अनुभव प्रसिद्ध झाला: हा मागे रेंगाळणारा थर दिसणाऱ्या यीस्टचे रुग्ण नेहमीच्या मात्रेनं बरे होत होते. म्हणजे चोवीस तासांचा आकडा खरा होता. रेघ कुठे मारायची हे शेवटी रुग्णाच्या बरं होण्यावरून ठरलं, आणि तसंच ठरायला हवं होतं.

युरोपात ‘युकास्ट’ नावाच्या समितीनं आपली वेगळी रीत बसवली. तिच्यात पेशी शंभरपट जास्त घेतात, ग्लुकोज दहापट म्हणजे दोन टक्के, खळग्यांचे तळ सपाट, आणि वाचन डोळ्यांऐवजी प्रकाशमापकानं. गढूळपणा यंत्रच मोजतं, त्यामुळे माणसागणिक पडणारा फरक उरत नाही. दोन्ही रीतींचे आकडे बऱ्यापैकी जवळ येतात. फक्त एका रीतीचा आकडा घेऊन दुसऱ्या रीतीच्या कोष्टकात अर्थ शोधायला जाऊ नये. रिपोर्टवर कोणती पद्धत वापरली ते लिहिलेलं असावं, असा आग्रह डॉक्टरांनीही धरायला हवा.

आकडा मिळाला. आता त्याला अक्षर कसं चिकटतं? फ्लुकोनाझोल रोज ४०० मिलिग्रॅम दिलं तर चोवीस तासांत शरीराला मिळणाऱ्या औषधाचं जे मोजमाप डॉक्टर वापरतात ते साधारण ४००च्याच आसपास येतं. त्याला एमआयसीनं भागायचं. भागाकार २५च्या वर राहिला तर बहुधा औषध काम करतं. एमआयसी १६ असेल तर ४०० भागिले १६ म्हणजे बरोबर २५, काठावर. एमआयसी ३२ असेल तर रोज ८०० लागतील. या हिशेबातूनच ‘एस’ आणि ‘आर’च्या मधला तिसरा वर्ग आला: मात्रा वाढवली तर दाद देईल असा. रिपोर्टवर त्याला ‘एसडीडी’ लिहितात. तो ‘आर’ समजून औषध बदलणं जितकं चूक, तितकंच ‘एस’ समजून नेहमीची मात्रा देत राहणं चूक.

पहिली कोष्टकं सगळ्या कॅन्डिडांसाठी एकच होती. ती टिकली नाहीत, आणि ती का टिकली नाहीत याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण एकायनोकँडिनचं. सुरुवातीला २पर्यंतची एमआयसी म्हणजे ‘एस’ असं सरसकट धरलं होतं. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिसच्या भिंत बनवणाऱ्या एन्झाइमची घडणच अशी आहे की तिचा आकडा जन्मतःच वर असतो, आणि तरीही रुग्ण बरे होतात. तिला सामावून घ्यायला मर्यादा २वर नेली होती. पण त्या सैल मर्यादेच्या आडोशाला दुसरंच काहीतरी लपत होतं. कॅन्डिडा ग्लाब्राटामध्ये त्याच एन्झाइमच्या जनुकांत, ज्यांना एफकेएस म्हणतात, बदल होऊन खरा प्रतिकार आलेला असायचा, आकडा ०.५ किंवा १ यायचा, रिपोर्टवर ‘एस’ छापलं जायचं आणि औषध हरायचं. म्हणून २०१०नंतर मर्यादा जातीनिहाय केल्या आणि खूप खाली आणल्या. आज सीएलएसआयच्या कोष्टकात मायकाफंजिनची एमआयसी १ असेल तर पॅराप्सिलोसिस ‘एस’ आणि ग्लाब्राटा ‘आर’. ग्लाब्राटासाठी ०.०६च्या वर गेलं की ‘एस’ संपतं. जात ओळखल्याशिवाय दिलेला आकडा निरुपयोगीच नाही, तर धोक्याचा आहे.

ग्लाब्राटा आणि फ्लुकोनाझोल यांच्या बाबतीत तर सीएलएसआयनं ‘एस’ हा वर्गच ठेवला नाही. ३२पर्यंत सगळं ‘मात्रा वाढवून’. युकास्टनं तेच दुसऱ्या वाटेनं साधलं. त्यांनी ‘एस’ची मर्यादा ०.००१ ठेवली, म्हणजे प्रत्यक्षात कोणतंही ग्लाब्राटा तिच्या आत येऊच नये. कॅन्डिडा क्रुसायचं याहून सोपं: ती फ्लुकोनाझोलला मुळातच दाद देत नाही, आकडा बघायची गरजच नाही. या जातींची शास्त्रीय नावं अलीकडे बदलली आहेत, पण वॉर्डात आणि लॅबमध्ये अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

कॅस्पोफंजिननं या साऱ्या व्यवस्थेची चांगलीच परीक्षा घेतली. रीत तीच, यीस्ट तीच, तरी निरनिराळ्या लॅबमधले आकडे एकमेकांशी जुळेनात. २०१३मध्ये अनेक लॅबची माहिती एकत्र करून हे उघडपणे मांडलं गेलं. औषधाची पूड, ती विरघळवायचं द्रावण, साठवण, अशा बऱ्याच गोष्टींवर संशय गेला, पण सगळा दोष कुणा एकावर टाकता आला नाही. युकास्टनं कॅस्पोफंजिनसाठी मर्यादा द्यायचंच नाकारलं आणि मायकाफंजिन व अॅनिड्युलाफंजिनच्या आकड्यांवरून अंदाज घ्या असं सांगितलं. आपल्या ज्ञानाची हद्द इथे संपते असं एखाद्या मानक-समितीनं स्वच्छपणे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. ॲम्फोटेरिसिनचंही काहीसं असंच आहे: जवळपास सगळ्या यीस्टचे आकडे ०.२५ ते १ या अरुंद पट्ट्यात येतात, त्यात बरी-वाईट वेगळी काढणं अवघड. म्हणून सीएलएसआयच्या कोष्टकावर चालणाऱ्या लॅबच्या रिपोर्टवर ॲम्फोटेरिसिनसमोर आकडा असतो आणि अक्षर नसतं.

रोजच्या कामात बहुतेक लॅब ही ९६ खळग्यांची प्लेट स्वतः भरत नाहीत. काही ठिकाणी व्हायटेक यंत्रात तयार कार्ड घालतात. काही ठिकाणी रंग बदलणाऱ्या तयार प्लेट असतात, ज्यात निळा खळगा म्हणजे वाढ नाही आणि गुलाबी म्हणजे वाढ. काही ठिकाणी औषधाचं चढतं प्रमाण असलेली पट्टी आगरवर ठेवतात आणि लंबगोल मोकळी जागा पट्टीला कुठे छेदते ते वाचतात. सर्वांत स्वस्त मार्ग चकतीचा: मुलर-हिंटन आगरमध्ये दोन टक्के ग्लुकोज आणि चिमूटभर मिथिलीन ब्लू घालून त्यावर २५ मायक्रोग्रॅम फ्लुकोनाझोलची चकती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबलाही हे परवडतं. कोणताही मार्ग घ्या, सोबत दोन ओळखीची यीस्ट चालवावी लागतात, पॅराप्सिलोसिसची एटीसीसी २२०१९ आणि क्रुसायची एटीसीसी ६२५८. जगभर त्यांचे आकडे ठरलेले आहेत. त्यांचा आकडा हद्दीबाहेर गेला तर त्या दिवशीचे रुग्णांचे रिपोर्ट रोखून धरायचे. खर्च आणि वेळ वाचवायला लॅबमध्ये पहिली कात्री यावरच चालते, आणि तीच चालू नये.

भारतातल्या लॅबना जातीचं महत्त्व आणि यंत्राची मर्यादा शिकवली ती कॅन्डिडा ऑरिसनं. २००९मध्ये जपानमध्ये एका ७० वर्षांच्या बाईच्या कानातून निघालेल्या यीस्टला हे नाव मिळालं. २०१३मध्ये दिल्लीतल्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या दोन रुग्णालयांतले १२ रुग्ण मांडले, सगळी यीस्ट जवळजवळ एकाच वाणाची आणि फ्लुकोनाझोलला न जुमानणारी. हे यीस्ट आधीही रुग्णालयांत होतं, पण यंत्रं त्याला कॅन्डिडा हेम्युलोनाय म्हणत होती, कारण त्यांच्या यादीत ऑरिस हे नावच नव्हतं. चंडीगढच्या पीजीआयचे अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २७ भारतीय आयसीयूंमधून २०११-१२मध्ये जमवलेल्या यीस्टची नीट ओळख पटवल्यावर १९ आयसीयूंमध्ये ऑरिस सापडलं. त्याच अभ्यासात एकूण रुग्णांपैकी ४१.६ टक्क्यांत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस होतं; पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत पहिला मान कॅन्डिडा अल्बिकान्सला असतो, आपल्याकडचं चित्र निराळं आहे. ऑरिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड झाली: ॲम्फोटेरिसिनचा यंत्राचा आकडा मूळ रीतीच्या आकड्यापेक्षा वर येतो. म्हणजे औषध चालत असताना ‘चालत नाही’ असा निरोप जाऊ शकतो. असा आकडा आला तर तो दुसऱ्या रीतीनं पडताळावा, हे आता पक्कं झालं आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरशींची जी पहिली यादी काढली तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आहे.

‘एस’ लिहिलेलं औषध देऊनही रुग्ण दगावतो आणि ‘आर’ लिहिलेलं देऊनही बरा होतो, अशी तक्रार डॉक्टर करतात, आणि ती खरी आहे. रेक्स आणि मायकेल फॅलर यांनी २००२मध्ये याचा ढोबळ ठोकताळा मांडला: दाद देणाऱ्या जंतूंच्या संसर्गात योग्य औषधानं सुमारे ९० टक्के रुग्ण सुधारतात, न देणाऱ्यांत ६० टक्के. बाकीचं रुग्णाची प्रतिकारशक्ती ठरवते, आणि शिरेतली नळी. तिच्यावर यीस्ट थर धरून बसतं, आणि नळी काढल्याशिवाय ते पुष्कळदा हटत नाही. पण ९० आणि ६०मधला फरक म्हणजे दर शंभरात तीस माणसं. त्यांच्यासाठी ही तपासणी आहे.

तिची खरी दुबळी बाजू वेळ आहे. कल्चरच्या बाटलीत वाढ झाल्याचा इशारा यायला एक-दोन दिवस, प्लेटवर वाढायला एक, एमआयसीला आणखी एक. केव्हिन गॅरी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवलं की पहिलं कल्चर घेतलं त्याच दिवशी फ्लुकोनाझोल सुरू झालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण १५ टक्के होतं, एक दिवस उशिरा २४, दोन दिवसांनी ३७, आणि तीन किंवा अधिक दिवसांनी ४१. एमआयसीची वाट बघत औषध रोखणं म्हणूनच परवडत नाही. पहिला निर्णय जातीच्या नावावर घ्यायचा, आणि माल्डी-टॉफ यंत्र असेल तर वसाहत हाती आल्यावर नाव काही मिनिटांत मिळतं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शिकेप्रमाणे सुरुवात एकायनोकँडिननं करायची आणि रक्तातून निघालेल्या प्रत्येक कॅन्डिडाची ॲझोलसाठी तपासणी करायची.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग होतो तो पाच ते सात दिवसांनी. एकायनोकँडिन फक्त शिरेतूनच देता येतं आणि रोजचा खर्च हजारोंत जातो. रुग्ण सावरला असेल, पुन्हा पाठवलेलं कल्चर कोरं आलं असेल आणि फ्लुकोनाझोलसमोर ‘एस’ असेल, तर इंजेक्शन थांबवून त्याला कॅप्सूलवर आणता येतं. रक्त स्वच्छ झाल्यापासून साधारण १४ दिवस उपचार चालवायचे असतात. उरलेले दिवस तो घरी जाऊनही पुरे करू शकतो. ज्या रुग्णालयात ही तपासणी होत नाही तिथे डॉक्टरांपुढे दोनच वाटा राहतात: महागडं इंजेक्शन शेवटपर्यंत चालू ठेवायचं, किंवा जातीवरून अंदाज बांधून कॅप्सूल द्यायची. पॅराप्सिलोसिस निघालं की पूर्वी हा अंदाज बिनघोर बांधता यायचा. आता भारत, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान इथल्या रुग्णालयांतून फ्लुकोनाझोलला न जुमानणारी पॅराप्सिलोसिस निघू लागली आहे. ॲझोलचं लक्ष्य असलेल्या एन्झाइमच्या जनुकातल्या एका बदलामुळे ती तशी झाली आहे, आणि ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. ती कोणती आणि साधी कोणती, हे वसाहतीकडे बघून ओळखता येत नाही आणि जातीच्या नावावरूनही कळत नाही. त्यासाठी प्लेटच लावावी लागते.